दोन काट्यांमधले अंतर

मित्रांनो, माझ्या तोंडावर काच आहे, काचेमागे आकडे आहेत, काटे आहेत, आणि तरीही मी घड्याळ नाही. मला वेळ विचाराल तर फसाल. मी एक जुना वायुभारमापक आहे. तुमच्या डोक्यावर हवेचे जे ओझे असते ते वाढले की कमी झाले, एवढेच मला कळते. ओझे कमी होऊ लागले की वारा सुटतो. फार भराभर कमी झाले की वादळ येते.

सध्या मी शिडाच्या एका लहान बोटीत, केबिनमध्ये उतरणाऱ्या शिडीच्या शेजारी टांगलेला आहे. बोट बंदरात उभी आहे. बंदराच्या बाहेर महासागर आहे. याच बंदरात एकदा चारचौघांसमोर असे बोलले गेले, की मी खोटे सांगितले आणि त्यामुळे एक माणूस गेला. मी खोटे सांगितले नव्हते. पण तो माणूस गेला, हे खरे आहे. काय झाले ते तुम्हांला नीट सांगतो.

एका अरुंद जिन्यावरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे आठ कारागीर खिडकीकडे तोंड करून बसत, कारण आमचे काम दिव्याच्या उजेडात जमत नाही. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे, वळ्यावळ्यांची. तिच्यातली हवा काढून घेतलेली आहे. बाहेरची हवा जड झाली की डबी दबते, हलकी झाली की फुगते. पण इतकी थोडी, की डोळ्यांना दिसू नये. म्हणून एका कारागीर बाईंनी केसाएवढी बारीक साखळी बसवून ते दबणे-फुगणे माझ्या काळ्या काट्यापर्यंत आणले. साखळी बसवताना त्या श्वास रोखून धरत. तो श्वास त्या परत घ्यायला विसरल्या आणि तो माझ्यातच राहिला, असे मला कधी कधी वाटते.

मला दोन काटे आहेत. काळा काटा हवेचे ऐकतो. दुसरा पितळी काटा माणसाचे ऐकतो. काचेच्या मधोमध एक गुंडी असते, ती फिरवली की पितळी काटा फिरतो. वापरायची रीत सोपी आहे. काचेवर हलकी टिचकी मारायची, म्हणजे अडखळलेला काळा काटा मोकळा होतो. मग पितळी काटा आणून बरोबर काळ्यावर ठेवायचा आणि आपल्या कामाला जायचे. काही तासांनी परत यायचे. तोपर्यंत काळा काटा पितळी काट्याला सोडून जितका लांब गेला असेल, तितकी हवा बदलली. पितळी काटा म्हणजे माझी आठवण. ती माणसाच्या हातात असते.

माझी पहिली तीस-एकतीस वर्षे एका बंदराच्या कचेरीत गेली. तिथला कारकून दिवसातून तीनदा येई, टिचकी मारी, आकडा मोठ्याने म्हणे आणि वहीत लिही. बाकी तो माणूस कुणाशी फारसे बोलत नसे. बोटींचे कप्तान निघण्यापूर्वी माझ्यापुढे टोपी काढून उभे राहत. एवढा मान मिळाला की कुणालाही थोडी शेखी चढते, तशी मलाही चढली. मग कचेरीत उजळत्या आकड्यांचे नवे यंत्र आले आणि मला गंजक्या कुलपांबरोबर एका खोक्यात टाकून दिले. खोक्यात किती वर्षे गेली ते मला माहीत नाही. अंधारातही माझा काटा फिरत होता. वादळे येत होती, जात होती, मी सांगत होतो. कुणी बघत नव्हते.

कचेरीचे दरवाजे दुरुस्त करायला आलेल्या एका सुताराने मला त्या खोक्यातून बाहेर काढले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. साठी ओलांडलेली, खांदे रुंद, आणि अंगाला कायम लाकडाच्या भुशाचा वास. त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केले आणि एका सागवानी फळीवर बसवले. त्यांच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये एक बोट तयार होत होती. सहा वर्षे तीन माणसे सुटीच्या दिवशी तिच्यावर राबत होती. एक स्वतः मिस्त्री. दुसऱ्या ताई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मिस्त्री त्यांना बाई म्हणत, कारण त्यांची मुलगी ताईंच्या वर्गात होती. तिसरा ताईंचा भाऊ छोटू. हा छोटू बेचाळीस वर्षांचा होता, डोक्याला टक्कल होते, पण ताईंपुढे तो छोटूच. ताडपत्री शिवण्याचा त्याचा धंदा होता, म्हणून बोटीची शिडेही त्यानेच शिवली.

बेत असा होता. आधी किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवस चालून या बंदरात यायचे. मिस्त्रींची मुलगी इथल्या रुग्णालयात परिचारिका होती. ती महिन्याची रजा घेऊन, पिशवी भरून, वाट बघत होती. तिला बोटीवर घ्यायचे आणि चौघांनी मिळून महासागर ओलांडायचा. मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांची दारे-खिडक्या केल्या. त्या मुलीला एकदा पलीकडचा किनारा दाखवायचा, एवढे एकच स्वप्न त्यांचे स्वतःचे होते.

निघताना हवा छान होती. माझा काळा काटा एक हजार चौदावर होता. मिस्त्रींनी मला केबिनमध्ये ठोकले आणि डोळे बारीक करून बघितले.

"बाई, हे आकडे मुंग्यांनी लिहिलेत का हो?"

"चष्मा पुसा, मिस्त्री."

"पुसून पुसून पातळ झाला. खारं पाणी उडतं त्याला मी काय करू? आकडे सोडा. दोन काट्यांमधलं अंतर बघायचं. नखाएवढं असलं तर थोडं, बोटाएवढं झालं तर पळायचं."

"कुणाचं बोट?" छोटू म्हणाला. "तुमचं बोट म्हणजे केळं. तोवर बुडू आपण."

तिघेही हसले. आणि तसेच ठरले. जो कुणी माझ्यापाशी येईल त्याने टिचकी मारायची, अंतर बघायचे, वहीत लिहायचे: तसाच, थोडा चढला, किंवा थोडा उतरला. आकडा कुणी लिहिला नाही. ताई गणिताच्या. त्यांना ते खटकायला हवे होते. पण पहिल्या दिवशी ऊन होते, वारा मागून होता, आणि अशा दिवशी सगळ्यांना सगळेच पटते.

आता मिस्त्रींची एक सवय सांगतो. त्यांच्या कारखान्याचा नियम होता, की हत्यार खाली ठेवताना ते पुढच्याच्या हाताला तयार करून ठेवायचे. रंधा वापरला की पाते आत घ्यायचे, करवतीचा भुसा झटकायचा, पटाशीला धार लावून मगच ती जागेवर. सहा वर्षांत तो नियम ताईंच्या आणि छोटूच्याही अंगी मुरला होता. म्हणून जो कुणी माझ्याकडे येई, तो अंतर बघून झाले की पितळी काटा काळ्यावर आणून ठेवी. पुढच्यासाठी. चहाला आला तरी, दोरी शोधायला आला तरी. दिवसातून एकदा-दोनदा ठीक होते. पण तिघेही जाता-येता टिचकी मारत, आणि प्रत्येक जण मला तयार करून ठेवी.

त्यांना वाटे, आपण काळजी घेतो आहोत. ते माझी आठवण पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी उतरू लागलो. दुपारी वारा पडला. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत झाला आणि त्याखालून लांबलांब फुगवटे येऊ लागले. रेडिओ नुसता खरखरत होता. डाव्या हाताला, दोन टेकड्यांच्या मधे, एक खाडी दिसू लागली. आत पाणी शांत होते. नकाशावर ताईंनी तिच्याभोवती पेन्सिलने गोल काढला होता: हवा बिघडली तर इथे शिरायचे.

ताई रात्रीपासून सुकाणूवर बसून नुकत्याच आडव्या झाल्या होत्या. छोटू चहाचे पाणी ठेवायला खाली आला. त्याने टिचकी मारली, बघितले आणि ताईंकडे मान वळवली. मी मनात म्हटले, उठव तिला. मला बोलता येत नाही मित्रांनो. मला फक्त काटा आहे.

वरून मिस्त्रींनी विचारले, "काय म्हणतोय रे तो?"

"थोडा उतरलाय!"

"नखाएवढा?"

"नखाएवढाही नाही. ताईला उठवू का? आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"झोपू दे बिचारीला. चालू दे."

आणि छोटूने पितळी काटा फिरवून काळ्यावर आणला. पहाटेपासून हे किती वेळा झाले होते, ते वहीत आहे. थोडा उतरला. थोडा उतरला. थोडा उतरला. पहाटेपासून पितळी काट्याला कुणी हात लावला नसता, तर दोन काट्यांमध्ये मिस्त्रींची दोन बोटे मावली असती.

माझ्या समोरच्या गोल खिडकीतून खाडी हळूहळू पुढून मागे गेली. टेकडीवर एक पांढरे घर होते. ते बराच वेळ दिसत राहिले.

वादळ तिसऱ्या दिवशी उजाडताना आले. केबिनमध्ये भांडी उडाली, वही पाण्यात पडली, माझा एक स्क्रू निखळून मी तिरका लोंबू लागलो. ताई सुकाणूला स्वतःला बांधून बसल्या होत्या. छोटू गुडघाभर पाण्यात बसून हातपंप मारत होता. डोलकाठीवरचे शेवटचे लहान शीड अडकले होते. ते खाली आले नाही तर बोट आडवी होणार होती. वर जाण्यासाठी मिस्त्री माझ्याजवळून शिडीकडे निघाले आणि सवयीने त्यांनी टिचकी मारली.

मग त्यांनी शर्टाच्या आतल्या कोरड्या टोकाने चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच माझा आकडा वाचला.

"नऊशे ब्याऐंशी," ते म्हणाले.

त्यांचा हात गुंडीवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी ती फिरवली नाही. निघताना एक हजार चौदा होते, हे त्यांना आठवले असावे. काचेत मला त्यांचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. एवढा जवळून मी कुणाचाच चेहरा पाहिलेला नाही.

"छोट्या, आपण याला पुसत आलो रे."

"काय?" पंपाच्या आवाजात छोटूला नीट कळले नाही.

"वर जाऊन आलो की सांगतो."

पुढचे मी फक्त ऐकले. डेकवर त्यांची पावले. ते पुढे सरकत होते. त्यांच्या कमरेच्या दोरीची कडी डेकवर ताणलेल्या तारेत अडकवलेली असे. डोलकाठीपाशी ती एका तारेतून काढून दुसरीत अडकवावी लागे. कडी काढल्याचा आवाज आला. शीड सळसळत खाली आले. ते काम त्यांनी पुरे केले होते. मग लाट आली. दुसऱ्यांदा कडी लागल्याचा आवाज मला आला नाही.

"मिस्त्री!" ताई ओरडल्या. मग पुन्हा. मग कितीतरी वेळा.

दुपारपर्यंत त्या दोघांनी बोट त्याच पाण्यात फिरवली. सापडली फक्त एक टोपी.

बंदरात पोहोचलो तेव्हा धक्क्यावर मिस्त्रींची मुलगी उभी होती. पायाशी भरलेली पिशवी. तिने बोटीवरची माणसे मोजली. दोनच होती. तिने पुन्हा मोजली. बंदराच्या अधिकाऱ्याने विचारले, वादळाची चाहूल कशी लागली नाही? ताई ओली दोरी गुंडाळत राहिल्या. छोटू म्हणाला, "यंत्र बिघडलं होतं. खोटं दाखवत होतं." मुलीने ते ऐकले आणि माझ्याकडे, म्हणजे केबिनच्या दाराकडे, बघितले.

त्यानंतर चार दिवस बोटीवर कुणी नव्हते. या चार दिवसांचे मी फार कुणाला सांगत नाही. हवा थोडीशी उतरली, की माझ्या काचेवर टिचकी पडे. जाड बोटाची, बेताच्या जोराची. काळा काटा मोकळा होऊन जागेवर येई. मग गुंडीभोवती कुणाचा तरी हात थांबल्यासारखा वाटे, आणि गुंडी फिरत नसे. समोर कुणी दिसत नसे. केबिनमध्ये ओल्या लाकडाचा वास असे, पण तो तर बोटीत असतोच.

पाचव्या दिवशी मुलगी आली. तिने मला भिंतीवरून काढले, ओढणीत गुंडाळले, ती फुगलेली वही काखेत धरली आणि गल्लीतल्या एका घड्याळजीकडे नेले. म्हातारा घड्याळजी असली यंत्रेही दुरुस्त करी. त्याने मला स्वतःच्या वायुभारमापकाशेजारी तीन दिवस टांगले.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "याला काही झालेलं नाही, बाळ. उलट माझाच अर्धी रेघ मागे आहे. लाज काढली याने माझी."

ती मला घेऊन ताईंच्या भाड्याच्या खोलीवर गेली. खोलीत दोन खाटा, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेले नकाशे. छोटू खाली मान घालून बसला होता. तिने मला टेबलावर ठेवले आणि वही उघडली.

"बाई, यंत्र चांगलं आहे."

तिने दुसऱ्या दिवसाचे पान काढले.

"दुसऱ्या दिवशी चौदा वेळा 'थोडा उतरला' लिहिलंय. चौदा थोडे म्हणजे किती, बाई? वर्गात तुम्ही मला यावरून उभं केलं असतं."

"काटा आम्ही दर वेळी जुळवून ठेवत होतो," छोटू म्हणाला. "म्हणून दर वेळी थोडंच दिसायचं."

"पण जुळवत का होतात, काका?"

छोटूने बहिणीकडे बघितले. मग अगदी हळू म्हणाला, "पुढच्यासाठी."

मुलगी खाटेच्या कडेवर बसली. बराच वेळ वहीच्या पानावर बोट ठेवून होती. "पाणी पिऊन झालं की बाबा पेला पुन्हा भरून ठेवायचे," ती म्हणाली. "पुढच्यासाठी. आई ओरडायची, त्यात धूळ पडते म्हणून. म्हणजे हा बाबांचा नियम होता. म्हणून तुम्ही खोटं बोललात?"

"जाताना त्यांना कळलं होतं," छोटू रडू लागला. "मला म्हणाले, आपण याला पुसत आलो. तेव्हा मला समजलं नाही गं. समजलं तेव्हा वाटलं, हे तुला सांगितलं तर तू त्यांनाच दोष देशील. यंत्राला काय, ते काही रडत नाही."

"दोष एकट्या मिस्त्रींचा नाही," ताई म्हणाल्या. आठ दिवसांत त्या पहिल्यांदाच एवढे सलग बोलत होत्या. "हात तिघांचे होते. आणि बेरीज माझी होती. ती मी केली नाही. पोरी, तुला जे म्हणायचं ते मला म्हण."

मुलीने उठून स्टोव्ह पेटवला आणि तिघांचा चहा टाकला. तो कुणी प्यायला नाही.

मित्रांनो, मी निर्दोष ठरलो. त्याचा मला आनंद झाला नाही. निर्दोष ठरलेल्या यंत्रालाही आठवणी असतात. ती खाडी, ते पांढरे घर, अजून माझ्या काचेत आहेत.

या गोष्टीला आता एक वर्ष झाले. बोट दुरुस्त झाली आहे. ताई म्हणाल्या होत्या की आता कुठे जायचे नाही. मुलगी म्हणाली, "मला पलीकडचा किनारा बघायचा आहे. बाबांनी बोट त्याचसाठी केली." तिने घड्याळजीकडून माझी मधली गुंडी काढून घेतली. पितळी काटा आता फिरत नाही. शेवटी जिथे होता तिथेच, नऊशे सत्त्याऐंशीवर उभा आहे. बाजूला खडूने लिहायची एक काळी पाटी टांगली आहे. तिच्यावर आकडे लिहितात, आणि प्रत्येक आकड्याखाली सकाळपासूनची एकूण वजाबाकी. टिचक्या अजून पडतात. काही दिसणाऱ्या हातांच्या असतात. सगळ्या नसतात.

आज आम्ही निघणार होतो. पाण्याची पिंपे भरली होती, शिडांवरची आवरणे काढली होती, धक्क्यावर निरोप द्यायला रुग्णालयातल्या चार जणी आल्या होत्या. सहा वाजता मुलीने माझा आकडा मोठ्याने वाचला. आठ वाजता पुन्हा. दहा वाजता वाचला तेव्हा छोटूने तो लिहिला, वजाबाकी केली आणि पाटीकडे बघत राहिला. आकाश निळे होते. झेंडा हलतही नव्हता.

ताई रात्रीच्या तयारीने थकून झोपल्या होत्या. छोटूने जाऊन त्यांचा खांदा हलवला.

"ताई, ऊठ. चार तासांत सहा."

"अरे, आत्ता तर पडले होते मी! मोडलीस ना झोप?"

"मोडली. ऊठ आणि बघ."

ताई कपाळाला आठ्या घालून आल्या. त्यांनी पाटी वाचली, मग मला वाचले, मग स्वतः वजाबाकी करून बघितली. "आज नाही," त्या म्हणाल्या. मुलीने वर जाऊन धक्क्यावरच्या चौघींना सांगितले, तेव्हा त्या हसल्या. एवढ्या उन्हात? छोटू पुन्हा शिडांवर आवरणे चढवू लागला. ताईंनी त्याला झोपमोडीबद्दल अजून एकदा सुनावले आणि दोरीची दुसरी बाजू धरली.

म्हणून एवढेच सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी जे यंत्र किंवा जो माणूस तुम्हांला रोज थोडे थोडे काही सांगत असेल, त्याच्याकडे सवयीने बघून पुढे जाऊ नका. थोडे थोडे मिळून किती झाले, ते लिहून काढा. आणि बेरीज मोठी आली, तर झोपलेल्याला हलवून उठवा. तो रागावेल. रागावू द्या. रागवायला माणूस समोर असणे, हे काही कमी नाही.